पॉइंट टू टू : घरातल्या जुन्या रायफलीच्या शोधाच्या नोंदी

१० जून २०२४, परभणी

वारस म्हणून लायसन्स माझ्या नावावर करण्यासाठी दिलेला अर्ज आज त्रुटी लावून परत आला. शेरा एका ओळीचा : 'परवान्यावरील व शस्त्रावरील क्रमांकात तफावत.' रायफलीवर पाचवा अंक २ आहे, लायसन्सवर ३. चाळीस वर्षं माझ्या वडिलांनी, दादांनी, या लायसन्सचं नूतनीकरण केलं, प्रत्येक निवडणुकीला रायफल ठाण्यात जमा केली आणि परत आणली, तरी हा फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

दादा जानेवारीत गेले. परवानाधारक गेला की शस्त्र विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावं लागतं. तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी काका आणि मी ती तालुक्याच्या ठाण्यात देऊन पावती घेतली. तेव्हापासून ती तिथंच आहे.

पुण्याहून भावाचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, एवढा त्रास असेल तर किंमत काढ आणि विकून टाकू." काका शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "रझाकाराच्या टायमाला आप्पांनी हिच्यावर गाव राखलंय. ती विकायची वस्तू नाही." आप्पा म्हणजे माझे पणजोबा. रझाकार म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या बाजूची सशस्त्र माणसं. ही गोष्ट मी कळतं झाल्यापासून ऐकत आले आहे.

आजपासून वही घातली. शोधायच्या गोष्टी तीन : नंबर कुठं बिघडला, रायफल नेमकी कधीची, आणि तिचं मोल काय.

१९ जून

लेखी अर्ज देऊन ठाण्यात पाहणी केली. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारांनी रायफल टेबलावर ठेवली, लिव्हर खाली ओढून ती रिकामी असल्याची खात्री केली आणि मग मला हात लावू दिला. दादांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात ती अजून तशीच गुंडाळलेली होती. फडक्याला तेलाचा वास.

पहिल्यांदाच मी तिच्याकडं वस्तू म्हणून नीट पाहिलं. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला पंचवीस यार्डांवर मी पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच नळीची रायफल चालवली होती, पण ती बोल्टची, दांडा मागं-पुढं सारून काडतूस भरायची. हिला बोल्ट नाही. चापाच्या मागं खालच्या बाजूला लिव्हर आहे. ती खाली ओढली की आतला ठोकळा मागच्या खिळीवर फिरून पुढून झुकतो आणि नळीचं तोंड उघडं पडतं. एक काडतूस बोटानं सारायचं, लिव्हर वर घ्यायची, की घोडा आपोआप चढलेला. एका वेळी एकच गोळी. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, गाल टेकतो तिथं घासून गुळगुळीत झालेला.

यंत्राच्या अंगावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चित्र. फोटो पाहताच काका म्हणाले, "अगं, हे तर आबांच्या सायकलीच्या बिल्ल्यावर होतं!" आबा म्हणजे माझे आजोबा. बरोबर. हे बीएसए कंपनीचं चिन्ह. बीएसए म्हटलं की आपल्याकडं सायकल आठवते, पण नावाचा अर्थच बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली तिथल्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन कंपनी काढली, सायकली नंतरच्या.

नळीवरची अक्षरं झिजली आहेत. खडूची पूड हलक्या हातानं चोळली, मोबाइलचा उजेड आडवा धरला. शेवटचा शब्द लागला, 'कलकत्ता'. त्याच्या आधीचं दुकानाचं नाव पुसलं गेलंय. दस्त्याच्या खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढी एक काळी लांबट गोल टिकली बसवलेली आहे. लहानपणी मी ती लाकडातली गाठ समजत असे. कोरड्या मऊ कापडानं दोनदा पुसली तर खालून चांदी दिसली. तीन इंग्रजी आद्याक्षरं आणि खाली साल, १९१३.

मी पॉलिशची बाटली नेली होती. ती पिशवीतच ठेवली. जुन्या धातूवरचा काळपटपणा ही त्याच्या वयाची साक्ष असते. घासून चकचकीत केली की खुणा बुजतात आणि किंमतही उतरते.

२३ जून

रात्री फोटो मोठे करून खुणा वाचल्या. लिहून ठेवते, पुढं घरातल्या कुणाला उपयोगी पडेल.

नळीच्या बुडाशी तीन छोटे ठसे, प्रत्येकावर मुकुट. खाली अक्षरं बीपी, बीव्ही आणि एनपी. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून आहे. बनलेली प्रत्येक नळी तिथं जादा दाबाची दारू भरून उडवून पाहायची आणि टिकली तरच ठसा, असा तिथला कायदा. बीपी म्हणजे ती परीक्षा, बीव्ही म्हणजे पाहणी, एनपी म्हणजे बिनधुराच्या नव्या दारूची परीक्षा. ही अक्षरं या रूपात १९०४ च्या नियमांपासून आली. पुढं १९२१ पासून वर्षाचं अक्षर असलेली, एकमेकांना छेदणाऱ्या दोन दांड्यांची खूण मारू लागले. आमच्या रायफलीवर ती नाही. टिकलीवरच्या १९१३ शी हे जुळतं. म्हणजे १९०४ ते १९१३ या दरम्यान ती बनली.

लिव्हरचं यंत्र मार्टिनी पद्धतीचं. इंग्रजांच्या फौजेनं १८७१ मध्ये घेतलेल्या मार्टिनी-हेन्रीचं हे धाकटं भावंड. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) आपल्या माणसांची नेमबाजी कच्ची आहे हे इंग्रजांना कळून चुकलं. मग सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्यांनी जोर लावला आणि गावोगाव मिनिएचर रायफल क्लब निघाले. थोड्या जागेत, स्वस्त काडतुसावर सराव करायचा, म्हणून पॉइंट टू टू. नळीचं भोक ०.२२ इंच, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या वर जरासं. गोळी चाळीस ग्रेन, अडीच ग्रॅमच्या आसपास.

कुणी तरी मला सांगितलं होतं की ही ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी पोरांसाठी बनलेली कॅडेट रायफल असणार. ती दिसायला अशीच, पण तिच्या नळीचं भोक .३१० इंच, जवळपास आठ मिलिमीटर. आमच्या नळीत पेन्सिल शिरत नाही. तो मुद्दा मिटला.

थोडक्यात, आमची रायफल निशाणबाजीच्या सरावासाठी बनली. तिनं एका गावाची राखण केली असेल का, हा प्रश्न आज पहिल्यांदा माझ्या मनात आला. काकांना अजून बोलले नाही.

४ जुलै, छत्रपती संभाजीनगर

परवानगी काढून रायफल ठाण्यातून इथल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडं जमा केली. त्यांच्याकडचे वयस्कर मिस्त्री खरे जाणकार. पिन काढून त्यांनी आतलं सगळं यंत्र एका तुकड्यात हातावर घेतलं. "बघा ताई, घड्याळ बनवल्यासारखं काम आहे." स्प्रिंग मूळची, स्क्रूंच्या खाचा शाबूत. कुणी अडाणी हात घातलेला नाही.

नळीत दिवा धरून मला दाखवलं. तोंडाकडं पीळ, म्हणजे नळीतल्या वळत्या खाचा, स्वच्छ, पण काडतूस बसतं त्या चेंबरच्या पुढं चार बोटं अंतरावर काळे खड्डे, देवीचे व्रण असावेत तसे. कारण त्यांनी सांगितलं. जुन्या काडतुसांत दारू पेटवणाऱ्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळालं की नळीत मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि लोखंड खातो. तेलानं तो निघत नाही, पाण्यात विरघळतो. १९२६ नंतर गंज न आणणाऱ्या मसाल्याची काडतुसं बाजारात येऊ लागली, पण आपल्याकडं जुना माल कितीतरी वर्षं चालला.

हे ऐकलं आणि काकांनी सांगितलेली एक गोष्ट डोळ्यासमोर आली. आबा शिकारीहून आले की आधी चुलीवर केटली ठेवायला सांगत. लहान नरसाळं लावून नळीतून उकळतं पाणी सोडायचे, मग फडकं, मग तेल. घरातल्यांना वाटायचं, आबांचं सोवळं. बंदुकीलाही आंघोळ घालतात. आबांना हे कुणी शिकवलं असेल? त्यांना शिकवणाऱ्या आप्पांना? ज्याच्याकडून रायफल घेतली, त्यानंच सांगितलं असणार.

मिस्त्री म्हणाले, नळी बदलू नका, निळा मुलामा नव्यानं चढवू नका. आतून-बाहेरून हलकं तेल, दस्त्याला जवसाच्या तेलाचे दोन थेंब, बस्स.

१४ जुलै, गावी

पेरण्या उरकल्या, सोयाबीन दुपानी झालंय. काकांनी माळवदाच्या खोलीतली पत्र्याची पेटी काढून दिली. दिवसभर धूळ खाल्ली, पण हाती लागलं.

एक, आप्पांची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मोडीत. मोडीचा वर्ग केला होता तो आज कामी आला. दोन तास एका पानावर बसले. नोंद अशी : 'पूर्णा रेलवाई गार्ड साहेब यांजकडून बावीस नंबरी बंदूक १ व काडतुसे डबी ४, हाली रुपये १०५.' साल १३४१ फसली. हैदराबाद संस्थानचा फसली सन आणि इसवी सन यांत ५९० चा फरक, वर्ष ऑक्टोबरात सुरू. म्हणजे १९३१-३२. हाली म्हणजे निजामाचा रुपया. सात हालीला सहा कलदार हा भाव, म्हणजे इंग्रजी नव्वद रुपये झाले.

पूर्णा! मनमाड–सिकंदराबाद मीटरगेजवरचं रेल्वेचं गाव. गोरे आणि अँग्लो-इंडियन गार्ड, ड्रायव्हर तिथं राहायचे. रेल्वेच्या अशा नोकरांना त्या काळी व्हॉलंटिअर पलटणीत नाव घालावं लागे, कवायत आणि नेमबाजी करावी लागे. १९१३ ची चांदीची टिकली, सरावाची रायफल आणि गार्ड साहेब, तिन्ही एका ओळीत बसले. मी जागेवरून उठून अंगणात दोन चकरा मारल्या. काका म्हणाले, "काय झालं, पैसे सापडले की काय?"

दोन, चौघडी करून ठेवलेला एक उर्दू कागद. गोल शिक्का, मागच्या बाजूला दोन वेगळ्या शाईच्या नोंदी. मला 'नंबर' एवढाच शब्द लागला.

२८ जुलै

शाळेतले निवृत्त उर्दूचे सर. घरी गेले तेव्हा चष्मा पुसत दारातच उभे होते. कागद पाहून म्हणाले, "शिकस्ता आहे बेटा, घाईत लिहिलेला हात. चहा घे, वेळ लागंल."

कागद म्हणजे लायसन्सच. 'बंदूक एकनाली, विलायती', आप्पांचं नाव, गाव, आणि नंबर. सरांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि पाचव्या अंकावर बोट ठेवलं. उर्दू आकड्यांत दोनाच्या डोक्याला एक दात असतो, तीनाला दोन. इथं एकच दात आहे, पण वरच्या ओळीतल्या एका अक्षराचं शेपूट खाली येऊन त्याला चिकटलंय. उडत्या नजरेनं पाहिलं तर दोन दात वाटतात. संस्थान गेलं, कागदपत्रं उर्दूतून उतरवून घेतली, तेव्हा कुणा कारकुनानं तीन वाचलं. ती चूक पुढं आबांच्या आणि दादांच्या लायसन्सवर पिढीजात चालत आली. सर म्हणाले, "रायफल खरी, कागद खरा. मधला हात चुकला." त्यांनी लगेच कोऱ्या कागदावर वाचन लिहून सही केली.

मग उलट्या बाजूच्या नोंदी. पहिली : 'बंदूक ठाण्यात दाखल, माहे दै १३५७ फसली.' दै हा फसली वर्षाचा दुसरा महिना. म्हणजे नोव्हेंबर १९४७. दुसरी इंग्रजीत, शिक्क्यासह : परत दिली, १९५१.

मी बोटांवर मोजलं. रझाकारांचा धुमाकूळ १९४७ च्या अखेरीपासून वाढत गेला, हैदराबाद संस्थान भारतात आणणारी फौजेची पोलीस ॲक्शन झाली १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ला. हा सगळा काळ रायफल ठाण्यात पडून होती.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या आजोबांची दुनाली त्या सप्टेंबरनंतर जमा झाली. ती परत नाही आली. माणसंही सगळी परत नाही आली." त्या दिवसांनंतर मराठवाड्यात मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं त्यावर सुंदरलाल समितीचा अहवाल आहे, तो मी वाचलेला आहे. सरांच्या तोंडून तेवढंच ऐकलं. मी निघाले तेव्हा त्यांनी कागदाला प्लास्टिकचं पाकीट दिलं आणि लॅमिनेशन करू नको म्हणून बजावलं.

१८ ऑगस्ट

आत्याआजीकडं गेले. आबांची धाकटी बहीण, वय सत्याऐंशी. रझाकारांच्या वेळी ती दहा-अकरा वर्षांची. काकांना मुद्दाम सोबत नेलं. जे ऐकायचं ते त्यांच्या कानांनीच ऐकावं असं वाटलं.

आडून-आडून न विचारता सरळच विचारलं. ती म्हणाली :

"बंदूक कुठली आलीय लेकी? ती तर ठाण्यात नेऊन ठिवली होती. आप्पा हात हलवीत घरी आले, मायनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. मग गावानं ठरवलं. बुरजाखालून दगडं आणली, माळवदावर कडेकडेनं रचली. लहान दगडं आम्ही पोरींनी वटीत भरून वर नेली. बापय माणसं रात्रभर गोफणी घेऊन बसायची. जोंधळ्याची पाखरं हाकायच्या गोफणी त्या. बायांनी मिरचीची पूड आन राखेची गाडगी भरून ठिवली होती. एका राती आले. शेताच्या बांधावर टेंभे दिसले. गोफणीचा असा आवाज यायला लागला, माळवदा-माळवदावरून, सूंऽ सूंऽ. अंधारात किती माणूस हाय त्याला कळंना. गेले निघून."

काका मान खाली घालून ऐकत होते. मी विचारलं, मग बंदुकीची गोष्ट कुठून आली? "बंदूक परत आल्यावर पोरं विचारायची, आप्पा, हिच्यानं राखलं का गाव? आप्पा नुसते हसायचे. त्यांनी कधी हो म्हणलं नाही बरं का."

"मग तिचं काम काय होतं?" तर म्हणे ससे, तितर, हरियल. आणि दसऱ्याला पूजा. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा आबांनी तेही सोडलं.

परतीच्या वाटेवर गाडीत काका बोलले नाहीत. घराच्या वळणावर एवढंच म्हणाले, "गोफणी कुणाकुणाच्या होत्या, ते विचारायला पायजे होतं."

३ सप्टेंबर

परवापासून अतिवृष्टी. पोळा पाण्यात गेला. खालच्या रानातलं सोयाबीन बुडालंय, काम बंद.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. गावच्या शाळेत झेंडावंदनानंतर दर वर्षी काका रायफलीची गोष्ट सांगतात. आज त्यांनी खिशातून कागद काढला आणि सोळा नावं वाचली. गेल्या महिन्याभरात ते दोनदा आत्याआजीकडं एकटेच जाऊन आले होते, मला पत्ता नव्हता. नावांत कुणब्यांची होती, मांगवाड्यातली होती, दोन मुसलमान घरांतली होती. "या माणसांनी गोफणीवर गाव राखलं. आपली बंदूक तेव्हा ठाण्यात होती," काका म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. मागं उभ्या एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या बापाचं नाव ऐकून टोपी काढली.

यादी मी आज रात्री वहीत उतरवून घेतली.

९ ऑक्टोबर

किमतीचा विषय आता संपवते, भावाला कळवायचंय.

महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्यानं भिंतीवर लावायला लाख रुपये देऊ केले. 'इंग्रजांच्या काळातली' एवढ्यावरच त्याची भिस्त. त्याला समजावलं. जुनी असली तरी ती चालती आहे, काडतूस आजही मिळतं. कालबाह्य आणि दुरुस्त होऊनही न उडणाऱ्या हत्याराला कायदा सूट देतो, हिला नाही. विकायची तर लायसन्सवाल्यालाच, आणि तेही जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबून. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूला देशाबाहेर न्यायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. इंग्लंडमध्ये या रायफली भरपूर शिल्लक आहेत, तिथल्या लिलावातही त्यांना मोठा भाव नाही. संभाजीनगरच्या विक्रेत्यांनी नळीतले खड्डे धरून सांगितलं, पंचवीस हजारांच्या वर कुणी देणार नाही.

मला वाटतं, टिकली, रोजकीर्दीचं पान आणि उर्दू कागद रायफलीसोबत राहिले तरच तिला अर्थ आहे. सुटी केली तर ती पंचवीस हजारांचं लोखंड-लाकूड. भावाला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र कुरिअरनं आलं.

दुरुस्तीचा अर्ज दाखल केला. सोबत रायफलीवरच्या नंबराचे फोटो, उर्दू लायसन्सची प्रत, सरांचं वाचन, विक्रेत्याचा पाहणी दाखला.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. अर्ज थांबला. रायफल विक्रेत्याकडंच आहे, काळजी नाही. सर आजारी आहेत, भेटून आले.

२१ जानेवारी २०२५

नंबर दुरुस्तीचा आदेश मिळाला. टेबलावरच उघडून एकेक अंक रायफलीच्या फोटोशी ताडला. पाचवा अंक २. वारसाचं लायसन्स, पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण हे अजून पुढं आहे.

तिथूनच सरांच्या घरी गेले. ते अंथरुणावर उठून बसले, भिंग मागून घेतलं आणि आदेशावरचा दोन बराच वेळ पाहत राहिले.